लढतीशिवाय शिकवलेला डाव

समग्र शिक्षा योजनेतून शासकीय शाळांमधल्या सहावी ते बारावीच्या मुलींना तीन महिन्यांचे स्वसंरक्षण प्रशिक्षण दिले जाते. उपक्रमाला नाव राणी लक्ष्मीबाईंचे आहे. शिकवले जाते ते मुख्यतः कराटे, तायक्वांदो, ज्युदो अशा कलांमधून वेचलेले: मनगट सोडवणे, कोपराचा फटका, गुडघ्याचा वार. महाविद्यालये, पोलीस ठाणी आणि सामाजिक संस्था यांची दोन-चार दिवसांची शिबिरे याहून वेगळी. या साऱ्यामागे एक समजूत आहे की जुन्या युद्धकलांतले निवडक डाव दाखवले म्हणजे स्वसंरक्षण शिकवून झाले. ही समजूत तपासायला हवी. जुन्या कलांकडून घेण्यासारखी सर्वांत मोलाची गोष्ट आहे ती त्यांची सरावाची पद्धत, आणि नेमकी तीच शिबिरांत हरवते.

ज्युदोचे जनक जिगोरो कानो यांचे काम या संदर्भात पाहण्यासारखे आहे. 1882 मध्ये टोकियोतल्या एका बौद्ध मंदिराच्या आवारात त्यांनी कोदोकान ही ज्युदोची शाळा सुरू केली, तेव्हा ते एकवीस वर्षांचे होते. जुजुत्सू या जपानी युद्धकलेच्या दोन जुन्या परंपरांत त्यांची तालीम झाली होती. सामुराईंचे दिवस सरले होते आणि या कलेकडे लोकांनी पाठ फिरवली होती. कानोंनी घातक फटके आणि सांधे मोडणारे पेच ठरवून बांधलेल्या जोडी-सरावापुरते राखून ठेवले. उरलेल्या डावांवर मुक्त लढत, म्हणजे रांदोरी, हा रोजच्या शिक्षणाचा कणा केला. शिवाय दुसऱ्याला पाडण्याआधी स्वतः इजा न होता कसे पडावे, हे प्रत्येकाला आधी शिकावे लागे.

वरवर पाहता हे कलेची धार काढून घेणे होते. परिणाम मात्र उलटा झाला. जोर लावून विरोध करणाऱ्या माणसावर जो डाव रोज टाकता येतो, तोच अंगात मुरतो. डोळ्यांत बोटे खुपसण्याचा डाव सरावात कुणावर करून पाहणार? तो कितीही घातक असला तरी शिकणाऱ्याच्या कल्पनेतच राहतो आणि वेळ आली की हात थिजतो. हा नियम आजही बदललेला नाही.

जुजुत्सू लवकरच जपानबाहेर गेले आणि त्याचा एक उल्लेखनीय उपयोग लंडनमध्ये स्त्रियांनी केला. मतदानाच्या हक्कासाठी लढणाऱ्या तिथल्या कार्यकर्त्या तुरुंगात उपोषण करत. 1913 च्या एका कायद्याने सरकारने त्यांना प्रकृती ढासळली की सोडायचे आणि सावरल्या की पुन्हा पकडायचे, असे सत्र सुरू केले. नेत्या एमेलिन पँकहर्स्ट यांना या अटकेपासून वाचवण्यासाठी स्त्रियांचे अंगरक्षक पथक उभे राहिले. पथकातल्या स्त्रियांना जुजुत्सू शिकवणाऱ्या एडिथ गॅरड पाच फुटांहूनही कमी उंचीच्या होत्या. धिप्पाड पोलिसाचा तोल त्याच्याच जोरावर कसा घालवायचा, हे या स्त्रिया चटईवर एकमेकींना पाडून शिकत होत्या. भारतातही रवींद्रनाथ ठाकुरांनी 1929 मध्ये शिंझो ताकागाकी या ज्युदो शिक्षकांना शांतिनिकेतनात बोलावले, आणि तिथे मुलगे आणि मुली दोघेही शिकले.

मग दोन-चार दिवसांच्या शिबिरांची कल्पना आली कुठून? तिचे एक मूळ शांघायमध्ये सापडते. तिथल्या पोलीस दलातले विल्यम फेअरबर्न जुजुत्सू आणि ज्युदो मन लावून शिकले होते. गुंडांशी पडलेल्या गाठींतून त्यांनी मोजक्या, झटपट शिकता येणाऱ्या वारांची पद्धत घडवली आणि दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश कमांडोंना ती शिकवली. युद्धाच्या घाईत हे योग्यच होते. पण समोर होते ते आधीच कसलेले जवान, आणि हेतू होता शत्रूला ठार करण्याचा. तीच काटछाट शाळेतल्या मुलीसाठी वापरताना या दोन्ही गोष्टींचा विसर पडतो.

कानोंचा रोजच्या लढतीचा धडा महाराष्ट्राला परका नाही. कोल्हापूरच्या तालमींत पैलवान रोज आखाड्यात उतरतो, वस्ताद बाजूला उभा राहून चुका सांगतो, आणि ढाक किंवा कलाजंग हा डाव कधी टाकायचा हे समोरच्याच्या अंगाचा अंदाज घेत कळू लागते. याच गावाने मर्दानी खेळही जपला. 2024 च्या शिवजयंतीला त्यातल्या दांडपट्ट्याला राज्यशस्त्राचा मान मिळाला, तो सार्थच आहे. पवित्रे, पायांची चपळाई, अंतराचा अंदाज हे मर्दानी खेळातून फार चांगले येते. तरीही आज तो मुख्यतः मिरवणुकीत आणि प्रात्यक्षिकांत दिसतो, समोरासमोरच्या लढतीत क्वचित. म्हणून लाठी फिरवणाऱ्या मुलीचे कौतुक करतानाच हेही मान्य करावे लागते की तालमीत रोज कुस्ती धरणारी मुलगी प्रत्यक्ष झटापटीला अधिक तयार असते.

लढत केली म्हणून सारे साधते असेही नाही, कारण जुन्या कलांची एक मर्यादा आहे. आखाड्यात समोरचा प्रतिस्पर्धी आहे हे सलामीपासूनच ठाऊक असते. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत मात्र बलात्काराच्या दहापैकी नऊहून अधिक प्रकरणांत आरोपी पीडितेच्या ओळखीचाच असल्याचे वर्षानुवर्षे दिसते. नातेवाईक, शेजारी, मित्र. त्याच्यावर हात उचलण्याआधी मुलीला स्वतःच्या संकोचाशी झगडावे लागते आणि त्यासाठी कराटेत कुठलाही पवित्रा नाही.

कॅनडातल्या शार्लीन सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचे 2015 मध्ये प्रसिद्ध झालेले संशोधन इथे दिशा दाखवते. तीन विद्यापीठांतल्या सुमारे नऊशे विद्यार्थिनींपैकी काहींना बारा तासांचे प्रशिक्षण मिळाले, बाकीच्यांना फक्त माहितीपत्रके. वर्षभरात बलात्काराचे प्रमाण पहिल्या गटात 5.2 टक्के, तर दुसऱ्यात 9.8 टक्के आढळले. यातल्या शारीरिक भागाचा आधार होता टोरांटोतली ‘वेन-दो’ ही स्त्रियांसाठीची पद्धत, आणि तिची मुळे पूर्व आशियाई युद्धकलांत आहेत. पण तो बारा तासांतला एक भाग होता. ओळखीच्या माणसाच्या वागण्यातला धोका वेळीच ओळखणे, त्याला दुखावण्याची भीती बाजूला सारणे आणि ठाम आवाजात नकार देणे, यांवर उरलेला भर होता. थोड्या वेळातही खूप साधता येते, पण मुलीला खरोखर कशाचा सामना करायचा आहे हे आधी नीट ठरवले तर.

आपल्या शाळांकडे तर तीन महिने आहेत. त्यांत वीस डाव दाखवून प्रमाणपत्र देण्यापेक्षा चार-पाचच डाव घ्यावेत आणि प्रत्येक तासाला मुलींनी एकमेकींशी पूर्ण जोराने लढावे. पडायला शिकावे, ओरडायला शिकावे, ओळखीच्या माणसाला नाही म्हणण्याचे प्रसंग उभे करून त्यांचा सराव करावा. भारतीय न्याय संहितेची 34 ते 44 ही कलमे खासगी बचावाचा हक्क देतात आणि त्याच्या मर्यादाही सांगतात, तीही मुलींना समजावून द्यावीत. जवळपास कुस्ती किंवा ज्युदोची महिला प्रशिक्षक असेल तर तिलाच बोलवावे. आणि प्रशिक्षण ठरवण्याआधी मुख्याध्यापकांनी, पालकांनी एवढे जरूर विचारावे: या तीन महिन्यांत मुली प्रत्यक्ष किती वेळ लढणार आहेत?