भारमान

एसटीचा आणि माझा वाढदिवस एकाच दिवशी येतो. 1 जून. एसटीचा खरा आहे, माझा गुरुजींनी दिलेला आहे. आमच्याकडे पोराला शाळेत घालताना गुरुजी जन्मतारीख विचारायचे, बाप "पावसाच्या तोंडाला झालाय बघा" असं काहीतरी सांगायचा आणि गुरुजी 1 जून लिहून मोकळे व्हायचे. त्यामुळे माझ्या वर्गातली निम्मी पोरं एकाच दिवशी जन्मली आणि आता एकाच दिवशी सेवानिवृत्त होणार आहेत. एसटीचं तसं नाही. 1 जून 1948 रोजी नगर आणि पुणे यांच्या दरम्यान पहिली गाडी खरोखरच धावली. चालक किसन राऊत, वाहक लक्ष्मण केवटे, तिकीट अडीच रुपये. हे आम्हा नगरकरांना पाढ्यांसारखं पाठ असतं. 2024 साली जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, पण 'पहिली एसटी आमची' हा अभिमान होता तसाच राहिला. अभिमानाचं एक बरं असतं. त्याला तिकीट काढावं लागत नाही.

मी बँकेत कारकून आहे आणि बी.कॉम. आहे. म्हणजे जगातल्या प्रत्येक गोष्टीला दोन बाजू असतात आणि दिवस मावळायच्या आत त्या जुळल्या पाहिजेत, एवढंच मला शिकवलेलं आहे. ज्या गोष्टीच्या बाजू जुळत नाहीत तिच्यामुळे मला रात्री झोप लागत नाही. गेलं वर्षभर मला अशीच एक गोष्ट छळते आहे. ती म्हणजे एक रिकामी एसटी.

आमची शाखा अकोले तालुक्यात आहे. जिल्ह्याच्या बाकीच्या भागात पाऊस पाहुण्यासारखा येतो, इथे तो घरजावयासारखा मुक्काम ठोकतो. कळसूबाई इथलीच, 1646 मीटर, महाराष्ट्रात सर्वांत उंच. प्रवरेवरचं भंडारदऱ्याचं धरण इथलंच, 1926 साली पुरं झालेलं. आपल्या जिल्ह्याला समुद्र नाही. त्यामुळे ज्याला पाण्याच्या काठी उभं राहून कांदाभजी खायची असतील आणि बायकोचा पदर वाऱ्यावर उडताना फोटो काढायचा असेल, त्याला भंडारदऱ्याशिवाय गत्यंतर नाही. मे महिन्याच्या शेवटी झाडांवर काजवे चमकायला लागले की माणसं येऊ लागतात आणि श्रावण संपेपर्यंत येतच राहतात. नंतरचे आठ-नऊ महिने इथे फक्त इथलेच लोक असतात.

धरणाच्या वरच्या अंगाला एका गावापर्यंत एसटीची एक फेरी होती. गावाचं नाव सांगत नाही. पुढच्या निवेदनाचा मसुदाही माझ्याच गळ्यात पडेल. बदली होऊन आलो तेव्हा पहिल्या दोन पावसाळ्यांत मी, आमच्या सौ. आणि दोन मुलं दर रविवारी त्या गाडीने जायचो. राजूर सोडलं की घाट, रंधा आला की सगळी गाडी एका बाजूला वाकून धबधबा बघणार, शेंडीला गाडी निम्मी रिकामी होणार. खिडकी उघडी ठेवावी की लावावी यावरून माझा आणि सौ.चा जाताना वाद होई आणि येताना अबोला. एकूण सहल उत्तम व्हायची.

पुढे बँकेच्या सवलतीच्या व्याजावर मी गाडी घेतली. चार चाकं, पाच माणसं. त्या दिवशी मी शाखेत, शेजारीपाजारी आणि थांब्यावर उभ्या असलेल्या वाहकालासुद्धा पेढे वाटले. वाहकाने पेढा खाल्ला, "भारी काम केलं साहेब" म्हणाला. त्याच्या गाडीची चार आसनं मी कायमची रिकामी केली होती आणि तो माझं तोंडभरून अभिनंदन करीत होता. हे त्या वेळी दोघांच्याही लक्षात आलं नाही.

मग 2020 चा मार्च आला, गाड्या उभ्या राहिल्या. त्या सुरू होतात न होतात तो 2021 च्या ऑक्टोबरअखेर संप सुरू झाला, तो थेट 2022 च्या एप्रिलपर्यंत. या दोन वर्षांत ज्याला जमेल त्याने मोटरसायकल घेतली. आमच्याच शाखेने किती कर्जं दिली ते मला माहीत आहे, कारण फॉर्म मीच भरून घेत होतो. संप मिटला, गाडी पुन्हा आली, पण चव्वेचाळीस आसनांत कधी सहा माणसं, कधी चार. आणि एके दिवशी ती आलीच नाही. चौकशी केली तेव्हा एक नवा शब्द कळला: 'भारमान'. गाडीत बसायला जागा किती आणि बसले किती, याचं प्रमाण. ते कमी पडलं म्हणून फेरी रद्द.

यातली गंमत बघा. भंडारदऱ्याला येणारी माणसं कमी झाली नव्हती. पावसाळ्यातल्या रविवारी धरणाच्या कडेच्या रस्त्यावर गाडीला गाडी चिकटून अशी काही रांग लागते की धबधब्यापेक्षा लोक तीच जास्त वेळ बघतात. माणसं वाढली होती आणि प्रवासी घटले होते. हे गणित मला बी.कॉम.ला कोणी शिकवलं नव्हतं.

फेरी रद्द झाल्याबरोबर गाव पेटून उठलं. मारुतीच्या देवळात संध्याकाळी सभा भरली. अक्षर चांगलं म्हणून निवेदन लिहायला मला बोलावलं. देवळापुढे मी बाहेरची वाहनं मोजली (मोजायची खोड धंद्यातली आहे): अकरा मोटरसायकली आणि माझी धरून तीन मोटारी. आत माणसं सोळा. मी लिहिलं, "प्रवाशांची अतोनात गैरसोय होत आहे." मग सहज विचारलं, "मंडळी, गेल्या सहा महिन्यांत या गाडीत कोण कोण बसलं होतं?"

देवळात शांतता पसरली. कोणी घंटेकडे बघू लागलं, कोणी मारुतीकडे. शेवटी एक निवृत्त गुरुजी म्हणाले, "हे बघा भाऊसाहेब, आपण बसू न बसू. गाडी पाहिजे."

सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली, सही केली आणि गाडीत बसून घरी आलो. पण ते वाक्य डोक्यातून जाईना. आपण बसू न बसू, गाडी पाहिजे. हे म्हणणं न्यायाचं आहे की निव्वळ लबाडीचं?

माझ्यातला बी.कॉम. म्हणाला, लबाडीचं. ज्या खात्यावर दोन वर्षं व्यवहार नाही ते खातं बँकसुद्धा निष्क्रिय धरते. डिझेल पाण्यावर चालत नाही. सहा माणसांसाठी चव्वेचाळीस आसनं घाटातून ओढत न्यायची आणि नंतर 'एसटी तोट्यात' म्हणून बोटं मोडायची, ती मोटारीत बसून! 1950 सालच्या मार्ग परिवहन महामंडळ कायद्यातच लिहिलं आहे की महामंडळाने व्यापारी तत्त्वांवर कारभार करावा. पण गंमत म्हणजे त्याच कायद्यात महामंडळाने लोकांना पुरेशी आणि काटकसरीची सेवा द्यावी असंही लिहिलेलं आहे. म्हणजे दुकानदार हो आणि आईही हो. आता आईने पोळीमागे नफा बघायचा म्हटला तर धाकट्याला उपाशीच झोपावं लागेल.

याच सुमारास शाखेत एक कुजबुज सुरू झाली. आमची शाखा जवळच्या मोठ्या शाखेत विलीन करणार. कारण? गिऱ्हाईक कमी. लोक फोनवरून पैसे पाठवतात, काउंटरवर दिवसाला मोजकीच माणसं येतात. शब्द वेगळे, पण मला एकच ऐकू आलं: भारमान! त्या रात्री माझ्यातला बी.कॉम. एकदम समाजवादी झाला. 1969 साली चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं ते काय नुसता नफा मिळवायला? खेड्यातला माणूस सावकाराच्या ओट्यावरून बँकेच्या पायरीवर यावा म्हणूनच ना? गिऱ्हाईक येवो न येवो, शाखा पाहिजे! हे मी सौ.ला तावातावाने सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हणजे गुरुजी बोलले तेच की." मी पांघरूण डोक्यावरून घेतलं.

कुजबुज तात्पुरती विरली. पण खरा प्रकार घडला तो पुढच्या महिन्यात. वरच्या गावची एक म्हातारी दर महिन्याला श्रावणबाळ योजनेचे पैसे काढायला येते. पंच्याहत्तरीच्या पुढची, म्हणजे 2022 पासून एसटीत तिला तिकीट नाही. सकाळच्या गाडीने यायची, पहिला नंबर लावायची आणि "माझी गाडी जाईल हां भाऊसाहेब" असा मला दम भरायची. त्या दिवशी ती आली तेव्हा रोकड बंद झाली होती. मी नेहमीच्या आवाजात म्हणालो, "आजी, उद्या या."

ती काउंटरला टेकून उभी राहिली. रागावली नाही. म्हणाली, "सकाळी सातला जीपमधी बसले व्हते रं. ती भरंना, म्हणून हलंना. उद्या बी नाय भरली तर कसं करू?"

तेव्हा मला एसटी म्हणजे काय ते समजलं. जीप माणसं झाली की हलते, एसटी वेळ झाली की हलते. जीपवाल्याची यात चूक नाही. त्याच्याही मुलांना शाळेची फी आहे. पण म्हातारीच्या आयुष्यात 'वेळ' नावाची जी एक गोष्ट होती, ती एसटीबरोबर गेली होती. माझ्या तोंडच्या 'उद्या या' या दोन शब्दांची किंमत मला शून्य. तिला एक अख्खा दिवस आणि दोन्ही बाजूंचं जीपचं भाडं. खऱ्या श्रावणबाळाने आईबापांना कावडीत बसवून नेलं. त्याच्या कावडीचं भारमान कायम शंभर टक्के. आमच्याकडे पैसे श्रावणबाळाचे आणि कावड मात्र भरल्याशिवाय उचलत नाहीत.

साहेबांच्या हातापाया पडून मी तिचे पैसे त्याच दिवशी दिले. पण घरी जाऊन हिशेब मांडला, आणि आयुष्यात पहिल्यांदा हिशेब जुळल्याचं वाईट वाटलं. ती गाडी पौष-माघात सहा माणसांसाठी कशी धावत होती? तर आषाढ-श्रावणात आम्ही खच्चून भरत होतो म्हणून. आमच्या रविवारच्या चार तिकिटांतून तिच्या फेब्रुवारीच्या फेरीचं डिझेल निघत होतं. आम्ही भजी खायला जात होतो आणि नकळत म्हातारीला बँकेत पोचवत होतो. मी मोटार घेतली तेव्हा मला वाटलं, मी माझी जागा सोडली. प्रत्यक्षात मी तिची जागा सोडली होती.

श्रावणी सोमवारची खुलभर दुधाची कहाणी सगळ्यांना ठाऊक आहे. राजाने गावचं दूध गाभाऱ्यात ओतायला लावलं तरी गाभारा भरेना, आणि पोराबाळांना, वासरांना पाजून उरलेलं खुलभर दूध घेऊन आलेल्या म्हातारीने तो भरला. आमची कहाणी उलटी आहे. इथे आम्ही प्रत्येकाने आपापलं दूध घरी नेलं; जो तो म्हणाला, एका माझ्याने काय होतंय. गाभारा कोरडा पडला आणि खुलभर दूध घेऊन म्हातारी एकटी दारात उभी राहिली.

मग मी काय करायला हवं होतं? गाडी विकायची? धाकटीला रात्री दोन वाजता ताप चढला तेव्हा त्याच गाडीने दवाखाना गाठला होता, हे मी विसरलेलो नाही. मोटार घेणं पाप नाही. आणि एसटीत बसणं हे काही एकादशीचं व्रत नाही की पुण्य लागतं म्हणून करावं. पण एवढं मात्र मला पटलं आहे की 'बसू न बसू, गाडी पाहिजे' हे म्हणायचा हक्क त्या म्हातारीला आहे, गुरुजींना आहे, उद्या गुडघे गेले की मलाही असेल. तो हक्क फुकट नाही, इतकंच. गुडघे धड असताना आपण त्याचे हप्ते भरायचे असतात. हप्ता चुकवून जप्तीच्या विरुद्ध निवेदन देणारे कर्जदार मी रोज बघतो. त्या देवळात आम्ही सोळाच्या सोळा तसेच होतो.

निवेदनाचा थोडा उपयोग झाला. आता आठवड्यातून एकदा, बाजाराच्या दिवशी, ती गाडी येते. या पावसाळ्यात बाजाराच्या दिवशी एक सुट्टी आली, तेव्हा मी सौ. आणि मुलांना घेऊन थांब्यावर उभा राहिलो. ओळखीच्या तिघांनी मोटरसायकल थांबवून काळजीने विचारलं, "काय झालं? गाडी बंद पडली का?" मी तिघांनाही "हो" म्हणालो. तत्त्वासाठी एसटीने चाललो आहे असं सांगायला जे धैर्य लागतं ते बँकेच्या नोकरीत येत नाही.

गाडी आली. वाहक तोच, पेढा खाल्लेला. म्हातारी पिशवी मांडीवर घेऊन पुढच्याच बाकावर होती. वाहकाने माझं पूर्ण तिकीट फाडलं, सौ.चं 2023 पासूनच्या सवलतीने अर्धं, मुलांची हिशेबाने. म्हातारीला नुसतंच विचारलं, "बसलीस ना नीट?"

तिने वळून आमच्याकडे बघितलं, पिशवी उचलून जागा करून दिली आणि मला म्हणाली, "गाडी बिघडली वाटतं, भाऊसाहेब?"

तिलाही मी "हो" म्हणालो. मग सौ.नी खिडकी उघडली, मी लावली आणि वाद सुरू झाला.