दारात आलेला कूलर

महापालिकेची निवडणूक जवळ आली की मोहल्ल्यातील मशिदींना एकाएकी दाते लाभतात. कोणी वुजूखान्याला फरशी बसवून देतो, कोणी कार्पेट पाठवतो. आमच्या मशिदीच्या दारात एका इच्छुक उमेदवाराचा पाण्याचा कूलर येऊन उभा राहिला. ‘सदका परतवू नये,’ असे एक बुजुर्ग विश्वस्त म्हणाले. पण तो सदका होता काय?

सहीह बुखारीत एक प्रसंग आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बनू सुलैमची जकात गोळा करण्यास इब्नुल-लुत्बिया यांना नेमले. परतल्यावर त्यांनी मालाचे दोन भाग केले, एक जकातीचा आणि दुसरा स्वतःला भेट मिळालेला. त्यावर प्रेषितांनी (स.) मिंबरवरून विचारले की, हा गृहस्थ आईबापाच्या घरी बसून राहिला असता, तर ही भेट त्याच्यापर्यंत पोचली असती काय? भेट माणसाला आहे की पदाला, हे ओळखण्याची कसोटी येथे मिळते. मी तीच कसोटी उलट बाजूने लावली. आमच्या नमाजींची नावे मतदारयादीत नसती, तर हा कूलर आला असता काय?

मुफ्ती मुहम्मद शफी (रह.) यांनी मताला साक्षीचा दर्जा दिला आहे. मोबदला घेऊन दिलेली साक्ष खरी असली, तरी तिच्यावर विश्वास कोण ठेवील?

मात्र येथवर थांबून केवळ गरीब मतदाराला दोष देणे मला अन्यायाचे वाटते. (आपल्या जुम्म्याच्या बयानांत हे फार होते, माझ्याही.) मुंबईत उमेदवाराची खर्चमर्यादा 2017 साली 10 लाख रुपये होती, पुढे ती 15 लाख झाली. नगरसेवकाचे मानधन महिना 25 हजार, म्हणजे पाच वर्षांचे 15 लाख. कायद्याच्या चौकटीत राहून खर्च करणाराही आपले सगळे मानधन आधीच खर्चून बसतो. मग घर कशावर चालणार? निकालानंतर 30 दिवसांत खर्चाचा हिशेब द्यावा लागतो, न दिल्यास तीन वर्षांपर्यंत अपात्रता येऊ शकते. पण त्या हिशेबात आमच्या दारातला कूलर कोणत्या रकान्यात लिहिला जाईल? जो कंत्राटदार हा खर्च उचलतो, तो उद्या गटाराच्या कामातून वसुली करतो आणि पावसाळ्यात पाणी आपल्याच घरात शिरते. लोकांचा माल खाण्यासाठी आपला माल अधिकाऱ्यांपर्यंत पोचवू नये, ही सूरह अल-बकरातील (188) ताकीद म्हणूनच मतदाराइतकीच देणगीदारालाही लागू आहे.

यावर उपाय काय? खिलाफत स्वीकारल्यावरही ह. अबू बक्र (रजि.) कापडाचे गठ्ठे घेऊन बाजाराकडे निघाले होते. तेव्हा ह. उमर (रजि.) व ह. अबू उबैदा (रजि.) यांनी बैतुलमालमधून त्यांचा निर्वाह ठरवला. जबाबदारी उचलणाऱ्याला कोणा व्यापाऱ्याच्या उपकाराखाली ठेवायचे नाही, हा त्यामागील विचार मला दिसतो. उमेदवार म्हणजे खलीफा नव्हे, हे मान्य. तरीही 1998 साली इंद्रजित गुप्ता समितीने निवडणुकीचा काही भार सरकारने, तोही रोख न देता साधनांच्या रूपाने उचलावा असे सुचवले, तेव्हा तिचा रोख याच दिशेने होता. तसे होईपर्यंत मोहल्ल्यातील दोनशे घरांनी पावती घेऊन शंभर-शंभर रुपये दिले, तर एखादा प्रामाणिक शिक्षक निदान पत्रके छापू शकेल. यात काहीच हराम नाही. मात्र देणाऱ्याने उद्या आपल्या अनधिकृत ओट्यासाठी त्याच्याकडे जाऊ नये.

कूलर आम्ही परत पाठवला. ते बुजुर्ग अजून माझ्यावर नाराज आहेत. ‘इमामसाहेब, मसला तुमचा बरोबर असेल, पण मे महिन्यात नमाजींना गार पाणी कोण देणार?’ असे त्यांनी विचारले, आणि तो प्रश्न खोटा नव्हता. पुढच्या जुम्म्याला झोळी फिरवली. जमा झाले त्यात दोन माठ आले.