परभाषेतील गाणे

परभाषा शिकावी ती व्यवहारापुरती, की तीत गाता येण्याइतकी? जॉन हिगिन्स (१९३९–१९८४) या अमेरिकन गायकाने कर्नाटक संगीताची साधना केली आणि तिरुवैयारूच्या त्यागराज आराधनेत गायन केले. रसिकांनी त्यास 'भागवतर' ही आदराची उपाधी दिली. त्यागराजांच्या कृती प्रामुख्याने तेलुगू भाषेत आहेत. बाजारात शब्द चुकला तरी काम भागते. गाण्यात मात्र ऱ्हस्वदीर्घही सांभाळावे लागते, कारण तो शब्द दुसऱ्याच्या श्रद्धेचा असतो. म्हणून परक्याचे गाणे आगंतुकपणाचे की आदराचे, याचा निवाडा त्याच्या जन्मापेक्षा त्याच्या श्रमांवरून करावा.

ही कसोटी आपल्यालाही लागू पडते. व्यंकोजीराजांचे पुत्र, तंजावरचे शहाजीराजे (राज्यकाल १६८४–१७१२) यांनी 'पल्लकी सेवा प्रबंधम्' ही गेय नाट्यकृती तेलुगूत रचली. तेणेकरून त्यांचे मराठीपण उणावले नाही. नारायणगुड्यात पिढ्यान्पिढ्या राहूनही आपली तेलुगू बहुधा व्यवहारापुरतीच उरली आहे. मराठी जपणे हे आपले कर्तव्य खरेच. परंतु ज्या भूमीने आसरा दिला, तिच्या भाषेतील एखादे पद मुलांना अर्थासह शिकविणे, ही त्या ऋणाची अंशतः फेडच होय.