पालकमंत्र्यांच्या पक्षाचा महापौर

१ ऑगस्ट २०१८ रोजी जळगाव आणि सांगली-मिरज-कुपवाड या दोन महापालिकांसाठी मतदान झाले. ३ तारखेला निकाल लागले आणि दोन्ही शहरांत सत्तांतर झाले. जळगावात भाजपने ७५ पैकी ५७ जागा जिंकल्या. सुरेश जैन यांच्या गटाची अनेक वर्षांची पकड सुटली. सांगलीत ७८ पैकी ४१ जागा घेऊन भाजपने काँग्रेसकडून महापालिका पहिल्यांदाच हिसकावली. कौल इतके स्वच्छ होते की पुढची पाच वर्षे तरी या गावांचा कारभार कोणाकडे, हा प्रश्न मिटला असे कोणालाही वाटावे.

तो अडीच वर्षेच मिटलेला राहिला. २३ फेब्रुवारी २०२१ रोजी सांगलीत राष्ट्रवादीचे दिग्विजय सूर्यवंशी ३९ विरुद्ध ३६ मतांनी महापौर झाले. महिना उलटायच्या आत, १८ मार्चला, जळगावात शिवसेनेच्या जयश्री महाजन ४५ विरुद्ध ३० मतांनी निवडून आल्या. मतदाराला मधल्या काळात कोणी काही विचारले नव्हते.

जळगावचे गणित नीट मांडून पाहावे. शिवसेनेचे स्वतःचे १५, एमआयएमचे ३ आणि भाजपचे फुटलेले २७: बेरीज ४५. ५७ मधून २७ गेले, उरले ३०. करोनामुळे निवडणूक ऑनलाइन झाली. फुटलेले नगरसेवक तेव्हा ठाण्यात मुक्कामाला होते आणि जळगावचा महापौर त्यांनी तिथूनच ठरवला. महापालिकेची सतरा मजली इमारत जागच्या जागी उभी होती. तिच्यातली सत्ता चारशे किलोमीटरवरून बदलली. बंडखोरांपैकी कुलभूषण पाटील उपमहापौर झाले. ‘करेक्ट कार्यक्रम’ हे शब्द राज्याच्या राजकारणात रुळले ते याच काळात, आणि ते उच्चारणाऱ्यांच्या स्वरात कौतुकच अधिक असे.

अशा प्रसंगांवर आपण ठरावीक भाष्य करतो. नगरसेवक विकाऊ आहेत, घोडेबाजार झाला, नीतिमत्ता उरली नाही. ते चूक आहे असे नाही, पण त्यातून एका गोष्टीचा उलगडा होत नाही: नगरसेवक फुटतात ते नेमके कोणत्या दिशेला? त्या वेळी सांगलीचे पालकमंत्री राष्ट्रवादीचे जयंत पाटील होते आणि महापौर राष्ट्रवादीचा झाला. जळगावचे पालकमंत्री शिवसेनेचे गुलाबराव पाटील होते, नगरविकास खाते शिवसेनेचेच एकनाथ शिंदे यांच्याकडे होते आणि महापौर शिवसेनेचा झाला. लातुरात हेच थोडे आधी घडले. २०१२ मध्ये एकही जागा नसलेल्या भाजपने २०१७ मध्ये तिथे ७० पैकी ३६ जागा जिंकून काँग्रेसला ३३ वर रोखले होते. २२ नोव्हेंबर २०१९ रोजी, मुंबईत शिवसेना, राष्ट्रवादी आणि काँग्रेस हे तीन पक्ष सरकार बनवण्याच्या वाटाघाटीत असताना, भाजपची मते फुटून काँग्रेसचे विक्रांत गोजमगुंडे महापौर झाले. पुढे पालकमंत्री झाले काँग्रेसचे अमित देशमुख. केवळ पैशाच्या थैल्या फिरल्या असत्या तर त्या कोणत्याही दिशेने फिरल्या असत्या. तिन्ही ठिकाणी वारे मंत्रालयाच्या दिशेनेच वाहिले, याचा अर्थ कारण व्यक्तींच्या चारित्र्याहून खोल आहे.

ते कारण निधीत आहे. एखाद्या नगरसेवकाला आपल्या प्रभागातला रस्ता काँक्रीटचा करायचा आहे असे समजू. महापालिकेच्या स्वतःच्या उत्पन्नातून पगार, निवृत्तिवेतन, वीजबिल आणि कचरा भागला की फारसे काही उरत नाही. मग तो रस्ता जिल्हा नियोजन समितीच्या यादीत घालावा लागतो; समितीचे अध्यक्ष पालकमंत्री. किंवा राज्याच्या नगरोत्थान योजनेतून प्रस्ताव पाठवावा लागतो. प्रशासकीय मान्यता मंत्रालयात. आयुक्ताची नेमणूक राज्य सरकार करते आणि कार्यकारी अधिकार त्याच्याच हाती असतात. मुंबईपुरती ही रचना १८८८ च्या कायद्यापासून चालत आली आणि इतर शहरांच्या १९४९ च्या कायद्याने तीच उचलली. महापौर सभा चालवतो, स्थायी समिती खर्चाला मंजुरी देते. पण फाइल अडवणे वा पुढे ढकलणे हे आयुक्ताच्या आणि त्याच्या वरच्यांच्या हातात. विरोधी पक्षाचा नगरसेवक भाषण करू शकतो, रस्ता करू शकत नाही. पुढच्या निवडणुकीत मात्र त्याला लोक रस्त्याबद्दलच विचारणार असतात.

पूर्वी हे इतके टोकाचे नव्हते. नाक्यावर रोज जमणारी जकात महापालिकेची स्वतःची होती. तिच्यात भ्रष्टाचार होता, ट्रकांच्या रांगा होत्या. ती गेली याबद्दल अश्रू ढाळायचे कारण नाही. तिच्या जागी स्थानिक संस्था कर म्हणजे एलबीटी आला, ऑगस्ट २०१५ पासून तोही बहुतांश व्यापाऱ्यांना माफ झाला आणि २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर महापालिका राज्याकडून येणाऱ्या भरपाईच्या हप्त्यावर बसल्या. ७४ व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत १८ विषय लिहून दिले. त्यांच्यासाठी लागणारा पैसा राज्यांच्या मर्जीवर सोडला. राज्य वित्त आयोगाची तरतूद आहे, परंतु त्याच्या शिफारशी पाळण्याचे बंधन सरकारवर नाही. घरचा कर्ता शेजाऱ्याकडून उसने आणून चूल पेटवत असेल, तर घरात शब्द शेजाऱ्याचाच चालणार.

याला एक उत्तर आहे आणि ते टाळता येणार नाही. महापालिकांनी स्वतः तरी कुठे हात-पाय हलवले? जळगाव वर्षानुवर्षे हुडकोच्या कर्जाखाली वाकले होते आणि त्याच वेळी व्यापारी संकुलांतल्या गाळ्यांचे करार संपूनही भाड्याचा तंटा भिजत पडला होता. घरपट्टी वाढवायचे नाव काढले की सगळे पक्ष एक होतात. हे खरे आहे. पण कर वाढवून मतदाराचा रोष घ्यायचा आणि मोठे काम झाले की उद्‌घाटनाची कोनशिला मंत्र्याच्या नावाने लावायची, असा व्यवहार असेल तर कर लावण्याची हिंमत कोणी का करावी? परावलंबन आणि आळस एकमेकांना पोसतात.

कायदा यात फारसा आडवा येत नाही. पक्षादेश मोडणाऱ्या नगरसेवकाला अपात्र ठरवणारा कायदा महाराष्ट्रात १९८० च्या दशकापासून आहे. पण अर्ज, नोटिसा, सुनावण्या आणि न्यायालय अशी वाट चालताना सभागृहाची मुदतच संपत येते. त्यात बहुसदस्यीय प्रभागाची भर. जळगाव, सांगली, लातूर या तिन्ही ठिकाणी प्रभाग प्रामुख्याने चार सदस्यांचे होते. मतदार यंत्रापुढे उभा राहतो तेव्हा अ, ब, क, ड अशा चार जागांसाठी चार मते द्यायची असतात. चारही उमेदवार ओळखीचे असणे कठीण, म्हणून तो चिन्ह पाहून बटणे दाबत जातो. म्हणजे मत पक्षाला पडते. पुढे चौघांपैकी दोघे निघून गेले तर जाब कोणाला विचारायचा? गटार तुंबले की चौघेही एकमेकांकडे बोट दाखवतात, तेच इथेही होते.

थेट निवडणुकीने हे सुटेल असे काहींना वाटते. नगरपरिषदांत आपण तो प्रयोग करून पाहिला आहे: २०१६ मध्ये नगराध्यक्ष थेट जनतेतून, २०२० मध्ये ते रद्द, २०२२ मध्ये पुन्हा थेट. प्रत्येक वेळी राज्यात सरकार बदलले आणि त्यापाठोपाठ गावाचा प्रमुख निवडण्याची पद्धत बदलली. नगराध्यक्ष एका पक्षाचा आणि बहुमत दुसऱ्याचे असेल तर दोघेही पालकमंत्र्यांच्या दारात उभे राहतात. निवडीची रीत बदलून निधीची वाट बदलत नाही.

सत्तांतर कायम टिकते असेही नाही. जून २०२२ मध्ये राज्यातले सरकार पडले, जळगावचे पालकमंत्री शिंदे यांच्याबरोबर गेले, महापौर उद्धव ठाकरे यांच्यासोबत राहिल्या आणि महापालिका पुन्हा चुकीच्या बाजूला आली. मग मुदती संपल्या आणि प्रशासक आले. राज्यातल्या बहुतेक महापालिकांत काही वर्षे नगरसेवकच नव्हते, तरी कामे निघाली, कंत्राटे दिली गेली. सभागृहाविना शहर चालते हे सरकारला आणि, दुर्दैवाने, नागरिकांनाही कळून चुकले.

१५ जानेवारी २०२६ रोजी २९ महापालिकांसाठी अखेर मतदान झाले. राज्यात महायुतीचे सरकार असताना लातूरकरांनी काँग्रेसला स्पष्ट बहुमत दिले. निधी हवा असेल तर सत्ताधाऱ्यांसोबत चला, हा प्रचार त्यांनीही ऐकलाच असणार. तरीही त्यांनी आपल्या मनासारखे केले. ‘लोकांनाच विकास हवा होता म्हणून आम्ही गेलो’ हे फुटणाऱ्यांचे आवडते समर्थन इथे लंगडे पडते. निधीच्या मागे जाण्याची सक्ती नगरसेवकावर आहे, मतदारावर नाही.

म्हणून उपाय त्या सक्तीवर हवा. महापालिकेचा वाटा लोकसंख्या, क्षेत्र आणि करवसुली यांच्या ठरलेल्या सूत्राने, मंत्र्याच्या सहीविना, थेट तिच्या खात्यात पडला पाहिजे. पक्षांतराच्या अर्जाचा निकाल ९० दिवसांत लागला पाहिजे. दुसरी मागणी कोणताही विरोधी पक्ष उचलून धरील. पहिली मात्र विरोधात असताना सगळेच करतात आणि सत्तेत आल्यावर कोणीच पूर्ण करत नाही. कारण पालकमंत्रिपदाची सारी वट त्या सहीत आहे. महापालिका निवडणुकीत मते मागायला येणाऱ्या प्रत्येक पक्षाला रस्ते-पाण्याच्या आधी हाच प्रश्न विचारायला हवा: राज्यात तुमचे सरकार असताना ही सही सोडाल का?