दुसरी नजर

भाषांतर सेवांसाठी 2015 साली आलेल्या आयएसओ 17100 या मानकात एक अट आहे: भाषांतर करणाऱ्याखेरीज दुसऱ्या कुणीतरी ते मूळ मजकुराशी ताडून पाहिलंच पाहिजे. ही अट मला मनापासून पटते. आपली चूक आपल्याला दिसत नाही, हे भाषांतर करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं. 'वेळ मिळाला तर एकदा नजर टाका' म्हणणाऱ्या जगात या मानकाने दुसऱ्या नजरेला हक्काची जागा दिली.

काही वर्षांपूर्वी ती दुसरी नजर माझी होती. नव्या औषधाच्या चाचणीत भाग घेणाऱ्यांसाठीचं संमतीपत्र मराठीत झालं होतं. सोबत तपासयादी: काही गळलं नाही ना, आकडे जुळतात ना, संज्ञा ठरलेल्या शब्दसूचीप्रमाणे आहेत ना. पत्रात वाक्य होतं, 'सहभागींची यादृच्छिक पद्धतीने दोन गटांत विभागणी केली जाईल.' शब्दसूचीतही 'यादृच्छिक'च होतं. मी बरोबरची खूण केली, सही केली.

वाक्य अचूक होतं. पण आपल्याला कोणतं औषध मिळणार हे डॉक्टर ठरवणार नाहीत, चिठ्ठ्या टाकून ठरवावं तसं ते ठरेल, हे त्यातून किती जणांना कळलं असतं? त्या शब्दापाशी मी अडखळले होते. पण त्यासाठी यादीत रकाना नव्हता.

दोष यादीवर ढकलून मोकळं होता येईल का? औषध चाचण्यांच्या 2019 च्या भारतीय नियमांनुसार माहितीपत्रक सहभागींना समजेल अशा, तांत्रिक नसलेल्या भाषेत असावं लागतं. म्हणजे नियमाला वाचणारा माणूस दिसत होता. नियमाची यादी होताना 'समजेल का'चं 'जुळतं का' झालं. कारण जुळणं तपासता येतं, समजलं का हे मात्र माणसालाच विचारावं लागतं. यादीतून निसटलेलं ते काम सही करणाऱ्याचं, म्हणजे माझं होतं.

अशा व्यवस्था माणसाला बेजबाबदार करतात, असं सरसकट म्हणणं अन्यायाचं होईल. औषधाच्या मात्रेतला आकडा चुकणं किरकोळ नव्हे, आणि तो यादीमुळेच सापडतो. पण यादी विसरण्यावरचा उपाय आहे. लक्षात येऊनही गप्प बसण्यावर तिच्याकडे उपाय नाही. उलट सगळे रकाने भरले की गप्प बसणं सोपं जातं.

आता यादीखाली मी एक ओळ लिहिते: हे वाचणाऱ्याला कळेल असं मला वाटतं, किंवा वाटत नाही. ती कुणी मागितलेली नसते. एकदा 'असा शेरा अपेक्षित नाही' असं उत्तरही आलं. तरी लिहिते, कारण त्याखाली सही माझी असते.