चाल कुणाची?

नगरच्या एखाद्या जुन्या चर्चमध्ये रविवारी सकाळी मागच्या बाकावर जाऊन बसावं. (कागदोपत्री आता अहिल्यानगर, तोंडात नगरच येतं.) पेटीवर सूर लागतो, तबला मिळतो आणि गाणं सुरू झालं की डोळे मिटलेल्या माणसाला आपण विठ्ठलाच्या देवळात भजनाला बसलोय असं वाटावं. नाव ख्रिस्ताचं, वळण अभंगाचं. या गाण्यांतली कितीतरी रेव्हरंड नारायण वामन टिळकांची आहेत.

फुलामुलांचे कवी म्हणून शाळेत भेटलेल्या टिळकांना बंडखोर म्हटलं की लोक चमकतात. पण त्यांचं बंड खरं होतं, आणि घरातल्यांशी, म्हणजे आपल्याच मिशनशी होतं म्हणून अवघड होतं. १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईत बाप्तिस्मा घेऊन ते नगरला आले. अमेरिकन मराठी मिशन इथे १८३१ पासून ठाण मांडून होतं. शाळा मिशनच्या, सेमिनरी मिशनची, 'ज्ञानोदय' हे नियतकालिक मिशनचं. वरचा निर्णय बॉस्टनमधल्या मंडळाचा. पण सत्ता खरी कळायची ती पगाराच्या दिवशी. शाळामास्तर, उपदेशक, बायबलबाई, सगळ्यांची चूल त्या पगारावर पेटायची. अन्नदात्याशी धर्मावरून वाद कोण घालणार?

१९१७ साली टिळकांनी तो पगार सोडला. चर्च नव्हे, मिशनची चाकरी. साताऱ्याला जाऊन 'देवाचा दरबार' मांडला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना जागा होती, तशी न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही. म्हणजे ज्या उंबरठ्यावर मिशनचा सगळा हिशेब चालायचा, तोच त्यांनी काढून टाकला. जर्मनीत लूथरने पोपच्या सत्तेला हात घातला त्याला त्याच वर्षी बरोबर ४०० वर्षं होत होती. लूथरच्या पाठीशी सॅक्सनीचा राज्यकर्ता होता, छापखाने होते. टिळकांच्या दरबाराला ना राजा ना खजिना. ९ मे १९१९ रोजी ते गेले आणि दरबारही पांगला. संस्थेच्या हिशेबाने पाहिलं तर टिळक हरले.

तरी मी त्यांना यशस्वी म्हणतो, कारण त्यांनी मिशनला जिथे हलवलं तिथे पहाराच नव्हता. ख्रिस्ताच्या देवपणावर त्यांनी वाद घातला असता तर मंडळाकडे उत्तरं तयार होती. गळ्यावर मात्र कुठलं मंडळ हुकूम चालवणार? परदेशी चालीत बसवलेली भाषांतरित गीतं लोक म्हणत, पण घरी घेऊन जात नसत. अभंग पाठ होतो, त्याला अक्षरओळख लागत नाही. जात्यावर, बांधावर, रात्री ओट्यावर तो म्हणता येतो. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असं टिळक सांगत. त्यांनी तो पूल पाडला नाही, इतरांसाठी उघडा ठेवला.

इथे एक गोष्ट नडते. नगर जिल्ह्यातल्या मंडळ्यांत बहुसंख्य महार-मांग समाजातली माणसं होती. अभंग त्यांना एका चित्पावन कवीने आणून दिला, असं म्हणणं म्हणजे चोखामेळ्याला विसरणं. पंढरीच्या देवळाबाहेर उभं राहून ज्याने अभंग रचले, त्याचे हे वारस. चाल त्यांचीच होती. धर्मांतरात ती दाराबाहेर राहिली होती. टिळकांनी तिला आत घेतलं, आणि लोकांनी तत्काळ ओळखलं. ओळखीची गोष्ट रुजवावी लागत नाही. आधी ख्रिस्ती कीर्तनही नगरकडे होऊ लागलं होतं, म्हणजे जमीन नांगरलेली होती.

आणि राजीनाम्याचं धैर्य? ते खरंच, पण ते परवडण्यासारखंही होतं. टिळकांचं नाव मिशनच्या बाहेर, मराठी कवितेत झालेलं होतं. खेड्यातल्या मिशनशाळेच्या मास्तराने पगार सोडला असता तर दरबार कसला, दुसऱ्या दिवशीची भाकरी कुठली? घरातला पैसा टिळकांच्या हातून कसा वाटला जाई आणि संसार कुणी ओढला, हे त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'त वाचलं की त्या त्यागाची किंमत कुणाकुणाच्या खात्यावर पडली तेही दिसतं. टिळकांचं 'ख्रिस्तायन' अर्धवट राहिलं, तेही पुढे त्याच लिहीत बसल्या.

मिशनने राजीनाम्याचं काय केलं, ते दप्तरात असेल. गाणी मात्र चर्चनं पुस्तकात घेतली. उपासना संपते, पेटी बंद होते, आणि बाहेर चपला शोधताना कुणीतरी तीच चाल गुणगुणत असतं.