उघड्या बांध्यांची राखण

गोंदिया शहरापासून साधारण १२ किलोमीटरवर, कामठ्याच्या बाजूला बिरसी आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४० मध्ये, इंग्रज सरकारने इथे धावपट्टी बांधली. सार्वजनिक बांधकाम खात्याकडून ती औद्योगिक विकास महामंडळाकडे आणि तिथून २००५ च्या अखेरीस भारतीय विमानतळ प्राधिकरणाकडे गेली. वैमानिकांना शिकवणारी संस्था आली, २०२२ च्या मार्चमध्ये प्रवासी विमानसेवाही सुरू झाली. विमानतळ म्हटला की कुंपण, फाटक आणि ओळखपत्र आलंच. धावपट्टीवर एखादी म्हैस शिरली तरी माणसं मरू शकतात, म्हणून आत कुणाला सोडायचं याचं उत्तर तिथे अगदी सरळ असतं: ज्याच्याकडे परवानगी आहे त्याला.

याच परिसरात धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली शेतं, आहेत. त्यांना फाटक नाही. मोटर चोरीला गेली, धानाचा पुंजणा (कापलेल्या भाऱ्यांची रास) जळाला, उभ्या पिकात ढोरं शिरली की शेतकऱ्याला मिळणारा पहिला सल्ला मात्र विमानतळाचाच असतो: तार लावा, भिंत घाला, कॅमेरा बसवा. धानाच्या मुलखात हा सल्ला मुळातच अपुरा आहे, कारण बांधी बंद करून पिकतच नाही.

ते कसं, हे पाण्यापासून पाहू. तलावाचं किंवा नहराचं पाणी वरच्या बांधीत येतं, तिथून धुऱ्याच्या, म्हणजे बांधाच्या, तोंडातून खालच्या बांधीत उतरतं, तिथून आणखी खाली. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडचे मालगुजारी तलाव याच हिशोबाने बांधलेले आहेत. त्यांच्यामागे कोहळी समाजाचं पिढ्यांचं कसब आहे. माझ्या धानाला पाणी हवं तर ते तुमच्या बांधीतून यावं लागतं, आणि ते वाटेत अडलं का हे बघायला मला, नाहीतर पाणी फिरवणाऱ्या माणसाला, तुमच्या धुऱ्यावरून चालावं लागतं. रात्रीची पाळी असली तर रात्री चालावं लागतं. म्हणजे अपरात्री दुसऱ्याच्या शेतात बॅटरी घेऊन फिरणारा माणूस इथे चोर असेलच असं नाही. बहुतेक वेळा तो शेजारी असतो.

मग पऱ्हे (रोपं) टाकल्यावर रोवणी येते. रोवणीच्या बाया एका बांधीतून दुसऱ्या बांधीत धुऱ्यांवरून जातात, त्यांच्यामागे पऱ्ह्यांच्या पेंढ्या जातात. कापणीनंतर भारे निघतात तेही दुसऱ्याच्या कापलेल्या बांधीतून, कारण प्रत्येक शेताला पांदण लागलेली नसते. बैलबंडीच्या जागी ट्रॅक्टर आला आणि ही वाट आणखी रुंद लागू लागली. चारी बाजूंनी तार ओढणारा शेतकरी आपल्याच पिकाची बाहेर पडायची वाट अडवतो, आणि शेजाऱ्याचीही.

म्हणून इथे राखणीचा खरा प्रश्न ‘कुणी येऊ नये’ हा कधीच नव्हता. कोण, केव्हा, कशासाठी येतो हे गावाला ठाऊक असणं, आणि त्याबाहेरचा माणूस दिसताक्षणी कुणाच्या तरी नजरेत भरणं, ही इथली राखण. माझं म्हणणं एवढंच आहे, आणि ते नीट पटायला जुना कायदाही उघडून पाहावा लागतो.

हा भाग १९५६ पर्यंत मध्यप्रांताचा आणि नंतरच्या मध्य प्रदेशाचा. मध्यप्रांतात जमाबंदीच्या वेळी गावोगाव ‘वाजिब-उल-अर्ज’ नावाचा दस्तऐवज तयार होई. गावाची वहिवाट त्यात लिहिलेली असे. मालगुजारीची महसूल पद्धत गेली, पण ही कल्पना गेली नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १६५ मध्ये ती आजही आहे: सरकारच्या मालकीच्या नसलेल्या जमिनीवर आणि पाण्यावर सिंचनाचा, वाटेचा, मासेमारीचा जो रिवाजी हक्क असेल तो जिल्हाधिकाऱ्याने गाववार नोंदवायचा. खासगी शेतावर इतरांचे हक्क काय, हे सरकारी कागदावर उतरवणारी ही तरतूद मला फार मोलाची वाटते. कोणाला येण्याचा हक्क आहे हे लिहिलेलं असेल, तरच कोणाला नाही हे ठामपणे सांगता येतं.

फौजदारी कायदाही याच अंगाने विचार करतो. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२९ प्रमाणे दुसऱ्याच्या जमिनीत नुसतं पाऊल टाकणं हा गुन्हा होत नाही. गुन्हा करण्याच्या, धमकावण्याच्या, अपमान करण्याच्या किंवा त्रास देण्याच्या इराद्याने शिरणं किंवा तिथे ठाण मांडणं, हा गुन्हा. इरादा कुंपणाला कळत नाही. तो माणसाला कळतो, तोही ओळखीच्या माणसाला.

ढोरांचं उदाहरण घेतलं तर हे आणखी उघड होतं. जी बांधी श्रावणात ढोरांना पूर्ण बंद, तीच कापणीनंतर धसकटं चरायला सगळ्या गावाला खुली. पण ज्याने उभ्या धानात लाखोळी किंवा जवस फेकलं असेल, त्याची बांधी कापणीनंतरही बंद. एकाच शिवारात, एकाच दिवशी, एक बांधी खुली आणि शेजारची बंद. हे सगळं गायकीच्या, म्हणजे गावच्या गुराख्याच्या, डोक्यात असे. आखरावरून (ढोरं जमतात त्या जागेवरून) ढोरं सुटली की कोणती कुठे न्यायची, कोणाच्या धुऱ्यापाशी वळवायची, हे त्याला माहीत असे, आणि त्या ज्ञानाची मजुरी गाव त्याला धानात देई. गावोगाव गायकी उरले नाहीत. ढोरंही कमी झाली, पण जी आहेत ती मोकाट सुटतात. ‘ढोरांचा त्रास वाढला’ ही तक्रार खरी आहे. त्यामागे गेलेला माणूस आपण मोजत नाही.

आणि ढोर शिरलंच तर? १८७१ च्या गुरांच्या कायद्यात पीक नासणारं जनावर पकडण्याचा हक्क शेतकऱ्याला दिला होता, पण चोवीस तासांच्या आत ते कोंडवाड्यात पोचवण्याची अट होती. स्वतःच्या गोठ्यात बांधून ठेवायचं नाही. पुढे ग्रामपंचायत कायद्यात कोंडवाड्याची जबाबदारी ग्रामपंचायतीवर आली. नुकसान झालेला आणि ढोराचा मालक या दोघांच्या मध्ये गावाची एक तिसरी जागा ठेवण्यात मोठं शहाणपण होतं, कारण तिथे दंड भरला की भांडण संपे. कोंडवाडा मोडकळीला आल्यावर तेच भांडण काठीवर जातं.

आता पुंजण्याकडे येतो, कारण शेतकऱ्याची खरी झोप उडते ती तिथे. हलकं धान दिवाळीच्या सुमारास निघतं, भारी धान त्याच्या मागून. कापून कडपा वाळवायचा, भारे बांधायचे आणि शेतातच किंवा खळ्यावर पुंजणा रचायचा. मग मळणीची मशीन मिळेपर्यंत, मजूर मिळेपर्यंत, वर्षाचं सगळं उत्पन्न उघड्यावर उभं राहतं. पीक उभं असताना चोराला ते कापावं लागतं. पुंजण्यात ते कापून, बांधून, एका जागी तयार असतं. आणि चोरीपेक्षा वाईट म्हणजे आग. धान कापणीच्या दिवसांत पूर्व विदर्भातल्या वर्तमानपत्रांत पुंजणा जळाल्याची बातमी दरवर्षी येते. आग लावणाऱ्याला काहीच मिळत नाही. त्यामागे धुऱ्याचं भांडण असतं, पाण्याचा राग असतो, भाऊबंदकी असते. न्याय संहितेच्या कलम ३२६ मध्ये आगीने मालमत्तेची नासधूस करण्याला सात वर्षांपर्यंत शिक्षा सांगितली आहे आणि शेतमालाचा तिथे नाव घेऊन उल्लेख आहे. पण राखेतून साक्ष निघत नाही. किती एकरांचं धान होतं, कोणत्या जातीचं होतं, रात्री तिथून कोण गेलं, हे सांगणारं कोणी लागतं.

पूर्वी हे सांगणारे असत, कारण त्या रात्री खळ्यावर वस्ती असे. एका खळ्यावर शेकोटी पेटली की पलीकडच्या खळ्यावरचा माणूस हाक देई. कोणी एकटा सगळं शिवार राखत नव्हता. प्रत्येक जण आपला पुंजणा राखत होता आणि त्यातून सगळ्यांचे राखले जात होते. हार्वेस्टर आल्यावर पुष्कळांचं धान एका दिवसात पोत्यात जाऊ लागलं. त्यांची जोखीम घटली, हे चांगलंच झालं. पण ज्याची बांधी ओली आहे, जिथे हार्वेस्टर उतरत नाही, ज्याला तणस ढोरांसाठी हवं आहे, तो लहान शेतकरी आता शिवारात एकटा जागतो. राखणीचा भार वाटला जायचा तो थांबला आणि सर्वांत कमी ऐपतीच्या माणसावर येऊन पडला. ही गोष्ट मला अन्यायाची वाटते.

उन्हाळी धानासाठी बसवलेल्या मोटरीचंही तेच. तिच्यातल्या आणि केबलमधल्या तांब्याला भंगारात भाव असतो. ती बसलेली असते गावापासून दूर, नदीकाठी किंवा बोअरवर, आणि हंगाम संपला की तिकडे महिनोन्‌महिने कोणी फिरकत नाही. चोराला कुलूप तोडायला वेळ हवा असतो. तो वेळ त्याला ओसाड शिवार देतं.

या भीतीतून काही जण घरच्या लाइनवर आकडा टाकून उघड्या तारेत वीज सोडतात. रानडुकरांनी एका रात्रीत बांधी लोळवलेली पाहिली की तो संताप समजतो. पण ती तार कोणाला ओळखत नाही. २०१७ च्या एप्रिलमध्ये नागभीड तालुक्यात श्रीनिवास नावाचा वाघ अशाच विजेच्या तारेने मेला. तो नागझिऱ्यात वाढलेल्या प्रसिद्ध ‘जय’चा बछडा. अशा तारांना माणसंही चिकटतात, आणि त्यांत रात्रीच्या पाळीला निघालेली शेजारची माणसंही असतात. कायदा मालमत्तेच्या रक्षणाचा हक्क देतो, पण साध्या चोरीसाठी किंवा शेतात शिरण्यासाठी जीव घेण्याचा देत नाही. डुकरांसाठी सौर ऊर्जेवरचं झटका मशीन आहे. त्याचा झटका क्षणभराचा असतो, जनावर मागे फिरतं, मरत नाही. वनखात्याच्या जन-वन विकास योजनेतून त्याला अनुदानही मिळालेलं आहे. जंगलाच्या कडेच्या शेतांना ते लावावंच. माणसांपासूनची राखण मात्र त्याच्यावर सोपवता येणार नाही.

ती पुन्हा माणसांनीच उभी करावी लागेल, आणि त्यासाठी साधनं आहेत. पोलीस पाटील गावात आहे. ग्रामसुरक्षा दलाची सोय कायद्यात आहे. त्याची गस्त सगळ्या वर्षभर नको, पुंजणे उभे असतात तेवढे आठवडे मन लावून घातली तरी पुष्कळ. पुंजणे शिवारभर विखरून न रचता चार-सहा जणांनी एका खळ्यावर, पण एकाची आग दुसऱ्याला लागणार नाही एवढ्या अंतरावर रचले, तर जागण्याच्या पाळ्या लावता येतात. मोटरीचा नंबर आणि पावती घरात ठेवावी, मोटरीवर नाव कोरून घ्यावं. चोरीचा माल सापडल्यावर ‘ही माझीच’ असं म्हणायला तेवढंच कामी येतं. २०२१ पासून सुरू झालेली ई-पीक पाहणी शेतकरी विम्यासाठी आणि धान विक्रीसाठी करतो, पण उभ्या पिकाचा जागेसह काढलेला तो फोटो पुंजणा जळाल्यावरचा पहिला पुरावाही ठरू शकतो. वाट किंवा पाणी अडवलं असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ खाली तहसीलदाराकडे सहा महिन्यांच्या आत दाद मागता येते. हा अर्ज वेळेवर झाला तर पुढची पुष्कळ आग विझते, कारण पुंजण्याला काडी लावणारा राग धुऱ्यावरच सुरू झालेला असतो.

एक माणूस मात्र या सगळ्यातून सुटतो, आणि शिवारात सर्वांत जास्त वेळ तोच असतो: बटईने किंवा ठेक्याने शेती करणारा. सातबारा त्याच्या नावाचा नाही, करार बहुधा तोंडी. त्याचं धान चोरीला गेलं तर तक्रार मालकाने करायची असं तो धरून चालतो. मालक नागपुरात किंवा पुण्यात असतो आणि त्याला सवड नसते. तक्रार होतच नाही. वास्तविक न्याय संहितेच्या कलम ३०३ मध्ये चोरीची व्याख्या ताब्यावर उभी आहे, मालकीवर नाही. ज्याच्या ताब्यातून वस्तू नेली तो तक्रार करू शकतो, आणि ठाण्याने हद्दीचं कारण सांगून त्याला परत पाठवू नये अशी तरतूद नागरिक सुरक्षा संहितेत आहे. हे त्याला ग्रामसभेत, पोलीस पाटलाच्या तोंडून, कापणीच्या आधी सांगितलं गेलं पाहिजे. आणि गस्तीची पाळी लावताना यादी सातबाऱ्यावरून न करता, यंदा कोण कुठली बांधी कसतो आहे त्यावरून करावी.